दीड आटा

उन्हाळा आला की माझ्या उजव्या कोपराला उत्तरपत्रिका चिकटते. हळूच सोडवावी लागते, आणि निघताना ती कुणाच्या तरी 'माझा आवडता ऋतू'मधल्या दोन ओळी माझ्या कातडीवर सोडून जाते. तीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. लोकांचा एप्रिल कैऱ्यांचा, मोगऱ्याचा असतो. माझा लाल शाईचा. खिडकीला ओली चादर टांगलेली, ती अर्ध्या तासात कडक भाकरीसारखी वाळते. पंखा वरून गरम हवा अंगावर लोटत असतो. गठ्ठे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर अंगठ्याएवढा एक पितळी व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. गाडीचा आहे. ज्या कामासाठी मागवला ते काम त्यानं कधीच केलं नाही, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात निर्दोष असा तो एकटाच.

यंदाही पाचवा प्रश्न वाक्प्रचारांचा आहे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : दम धरणे, दम देणे, दम लागणे. दुसऱ्याशी आलो की पेन थांबतं. चार उन्हाळ्यांपूर्वी मी या दोन अक्षरांनी एका माणसाचं नाव बुडवलं. माणूस अजून आहे, अक्कलकोट रस्त्याच्या मागच्या गल्लीत, दारातल्या खाटेवर बसलेला असतो. नाव मात्र काही वर आलं नाही.

दस्तगीर मिस्त्री. चाळीस वर्षं गॅरेज. डिझेल इंजिन म्हटलं की बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतचे जीपवाले, टेम्पोवाले त्याच्या दारात. गॅरेजच्या मागं यंत्रमागांचा कारखाना होता आणि दिवसभर खटक-खटक चालायचं. त्या गोंधळात मिस्त्री इंजिनाचा आवाज कसा ऐकतो, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "सर, वर्गात साठ पोरं बोलत असतात. तुमाला चुकीचं बोलणारं कसं ऐकू येतं?" मी फुशारलो. खरं तर मला वर्गात काहीच ऐकू येत नाही, पण ते त्याला कशाला सांगा.

मास्तरानं गाडी घेऊ नये असं नाही. घेतली तर तिच्यात डोकं घालू नये. मी घेतली ती कुणाची तरी दहा वर्षं वापरलेली डिझेल गाडी, आणि घातलं ते पूर्ण डोकं. कारण माझा मेव्हणा भारत. वैरागला शेती, अडत, आणि तोंड. पहिल्याच रविवारी शेजारी बसला आणि म्हणाला, "दाजी, गाडी हाय का रेडा? वढंचना की."

बायकोचा भाऊ बोलला की बाणासारखा लागतो आणि उपटून काढायचीही सोय नसते. त्या दिवसापासून मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. गठ्ठे तसेच. तीन आठवड्यांत मला कळलं की माझ्या गाडीला टर्बो आहे. गोगलगायीच्या शंखासारखा एक डबा. इंजिनाच्याच धुरावर आतला पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. या कोंबण्याला बूस्ट म्हणतात. दाब फार वाढू नये म्हणून एक झडप असते. दाब भरला की ती उघडते आणि धूर पंख्याला चुकवून बाहेर जातो. झडपेला एक दांडी, दांडीला पेच. दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. एवढं ज्ञान होताच मला स्टाफरूममध्ये बसवेना.

बूस्ट वाढवायच्या तीन रीती होत्या आणि मी त्या वहीत समास सोडून लिहिल्या होत्या. पहिली, पुण्याहून लॅपटॉपवाला येतो, गाडीच्या मेंदूत वायर घालतो आणि आकडे बदलून जातो. दुसरी, हा पितळी व्हॉल्व्ह. तो नळीत बसवला की थोडी हवा मधेच सोडून देतो, म्हणजे झडपेला वाटतं दाब अजून भरलेला नाही. तिसरी, दांडीचा पेच पिळायचा. वही आणि मागवलेला व्हॉल्व्ह घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो, जशी पालक मंडळी माझ्याकडे प्रगतिपुस्तक घेऊन येतात तसा.

त्यानं हात पुसले, पण वहीला हात लावला नाही.

"लॅपटॉपवाला तो हात बी नै लगाता गाडीकू," तो म्हणाला. "बिना नाडी बघे दवा."

"आणि हा व्हॉल्व्ह?"

व्हॉल्व्ह त्यानं उजेडात धरून फिरवून बघितला. "ये झडपकू झूट बोलता. है ना? सर, घर में झूट बोलनेवाला कायकू रखना?"

तेव्हा मी हसलो होतो. चांगला विनोद वाटला होता.

मग तो बॉनेटखाली वाकला आणि पाच मिनिटांत एक चिरलेली रबरी नळी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. हवा तिथूनच गळत होती. "पैले गळती बंद करो. फुटक्या घागरीत कितीबी वता, काय उपयोग?" नवी नळी घातली. मी तोंड पाडून उभा. माझ्या तीन आठवड्यांच्या अभ्यासाला एका नळीनं उत्तर दिलं होतं. त्याला दया आली असावी. दहा नंबरचा पाना घेऊन त्यानं दांडीचा पेच फिरवला. अर्धा आटा. आटा म्हणजे पेचाचा एक पूर्ण वेढा, त्याच्या निम्मा. "बस. आठ दिवस चलाव, फिर आव. मी ऐकणार, मग बघू." आणि खिशातून काढली नेलपॉलिशची बाटली, लालभडक, मुलीच्या लग्नातली उरलेली. पेचावरून दांडीवर एक बारीक रेघ ओढली. कुणी पेच हलवला तर रेघ तुटणार. माझ्या लाल पेनाहून ती बाटली जास्त प्रामाणिक होती. ती फक्त खूण करायची, गुण द्यायची नाही.

निघताना म्हणाला, "आन् सर, दौडून आली गाडी की एकदम बंद नक्को करायची. दम देना."

मी मान हलवली. मराठीच्या मास्तराला दम या शब्दाबद्दल कोण सांगणार? माणसाला दम देणे म्हणजे धमकावणे; गाडीला द्यायचा म्हणजे जोर द्यायचा, जरा रेटायचं. बंद करण्याआधी एकदा जोरात रेस करायची असेल, असतात मिस्त्री लोकांच्या रीती. मी आठ दिवस गाडी बंद करण्याआधी घराच्या दारात तिला गर्जना करायला लावत होतो. शेजारच्या आजोबांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं. ते एक बरं झालं.

त्याच आठवड्यात सातवीचा गठ्ठा होता. एका पोरानं लिहिलं होतं : दम देणे – झाकण लावून मंद आचेवर ठेवणे. वाक्य – आईने बिर्याणीला दम दिला. मी खूप हसलो. बायकोला वाचून दाखवलं. आणि शून्य दिलं. शून्य काढताना पेन दोनदा फिरवलं, ठळक यावं म्हणून.

पुढच्या रविवारी भारतला घेऊन मी तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. देवदर्शन हे निमित्त; दाखवायचा होता घाट. सकाळी अकराचं ऊन. डांबर वितळून काचेसारखं चमकत होतं. शेतं काढून झालेली, काळी, भेगाळलेली, ज्वारीच्या धसकटांवरून गरम वारा सळसळत यायचा. गाडी पळत होती, खरंच पळत होती. टर्बोची ती बारीक शीळ ऐकून भारत दोनदा म्हणाला, "आयला दाजी, लई भारी की!" तिथंच थांबायला हवं होतं. पण घाट होता ना.

घाटाच्या पायथ्याशी तापमानाचा काटा लाल रेघेकडं सरकला आणि गाडीचा जोर गेला. तापलेलं इंजिन स्वतःला आवरतं, हे मला व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. चिंचेच्या सावलीत गाडी लावून मी मिस्त्रीला फोन केला.

"मिस्त्री, घाट लागलाय. गाडी तापलीय, ओढत नाही. काय करू?"

फोनमध्ये त्याच्या मागून यंत्रमागांची खटखट, आणि माझ्या शेजारून उसाचा ट्रक. "दम दो, सर," तो म्हणाला. "दम दो उसकू."

"किती?"

"थोडा थोडा. जल्दी नक्को."

भारतनं विचारलं, "काय म्हनला?"

"दम द्या म्हणाला."

"मग द्या की!"

दहा नंबरचा पाना मी विकत घेऊनच ठेवला होता. वाफा मारणाऱ्या इंजिनात, बोटं भाजून घेत, मी दांडीचा पेच पिळला. थोडा थोडा. जल्दी न करता. एक आटा. मग अर्धा आणखी. म्हटलं, विद्यार्थ्याला ग्रेस मार्क द्यावेत तसा.

अर्ध्या घाटात शीळ चढत गेली. चांगल्या गायकाची तान चढावी तशी आधी वाटली, मग ती तान राहिली नाही, किंकाळी झाली. मागून निळा धूर, इतका की मागचे मोटारसायकलवाले दिसेनासे झाले. मी किल्ली फिरवली. इंजिन बंद होईना. किल्ली काढून हातात घेतली तरी बंद होईना. नंतर कळलं, टर्बोचं सील फुटून त्याचं तेल इंजिनात जात होतं आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच तेल जाळत होतं. किल्ली माझ्या मुठीत आणि गाडी कुणाच्याच ताब्यात नाही.

"दाजी, बंद करा की ओ!"

"बंदच आहे रे!"

गिअर काढून, हँडब्रेक ओढून आम्ही बाहेर उड्या मारल्या. भारतनं चाकाला दगड लावला आणि आम्ही दोघं कठड्याला टेकून तिला ओरडताना बघत राहिलो. मग आतून लोखंड मोडल्याचा एक आवाज, आणि एकदम शांतता. बॉनेटखालून तेल गळून रस्त्यावर पसरलं. ते चटचट उकळत होतं. इतकी शांतता मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. नाही, एकदा ऐकली. त्याच दिवशी, दुपारी.

गाडी ट्रॅक्टरला दोर लावून गॅरेजवर आणली. आठ-दहा ड्रायव्हर तिथं चहा पीत होते. भारतला धीर कुठला? "मिस्त्री, काय करून ठिवलं हो तुमी? आमी जळून मेलो असतो की!" मिस्त्री पुढं आला. बॉनेट उघडून वाकला. फडक्यानं दांडी पुसली. मी बघत होतो. पेचावरची लाल रेघ या बाजूला आणि दांडीवरची बरोबर उलट्या बाजूला. पूर्ण दोन आटे फिरवले असते तर रेघ परत जुळली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण माझं पापसुद्धा दीडच.

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाकडं मी बघतो तसं, थांबून. तीच ती दुसरी शांतता. मागचे यंत्रमागही नेमके तेव्हाच वीज गेल्यामुळं थांबले होते.

मी म्हणालो, "मिस्त्रींनी अर्धा आटा वाढवला होता."

वाक्य निर्दोष होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, काळ, सगळं जागच्या जागी. एक शब्द खोटा नव्हता. या वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मिस्त्रीनं फडकं खांद्यावर टाकलं. "हौ," तो ड्रायव्हरांकडं बघून म्हणाला. "मैं फिराया."

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. 'मिस्त्रीनं मास्तरची गाडी उडवली' हे वाक्य माझ्या वाक्यापेक्षा सोपं होतं, त्यामुळं लवकर पाठ झालं. भारतनं ते वैरागला नेलं, जीपवाल्यांनी अक्कलकोटला. मग कुणी म्हणालं त्याचा हात थरथरतो, कुणी म्हणालं कानानं कमी ऐकू येतं. आधी टेम्पो यायचे थांबले, मग जीपा. दिवाळीनंतर शटर खाली आलं. आता तिथं थंड पाण्याचे जार मिळतात.

आणि मी? मी वर्षभर स्वतःपुरता साफ निर्दोष होतो. दम दे म्हणून त्यानंच सांगितलं होतं ना? मग पेच माझ्या हातानं फिरला काय आणि त्याच्या हातानं फिरला काय. बायको एकदा म्हणाली, "अहो, पण पाना तुमच्या हातात होता ना?" मी तिला कर्तरी आणि कर्मणी प्रयोगातला फरक समजावून सांगितला. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढच्या वर्षी ईद एप्रिलात आली. दरवर्षी ईदला मी त्याच्याकडे जायचो. न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं, म्हणून गेलो. मिस्त्री नमाजहून यायचा होता. चुलीवर मोठं पातेलं होतं, आणि त्याच्या कडेनं कणकेची वळी लावून झाकण बंद केलेलं. मी कौतुकानं हात पुढं केला तशी चाची, म्हणजे मिस्त्रीची बायको, ओरडल्या, "हात नक्को लगाव सर! दम दियेले हैं."

"दम?"

"हौ. आटा लगाके बंद करे, आग कम करे. अब कुच नै करने का. चुप बैठने का. अपने आप होता."

मी तिथंच पाटावर बसलो. काही करायचं नाही. आग कमी करायची. गप्प बसायचं. घाटाखालच्या चिंचेच्या सावलीत, बॉनेट उघडून, इंजिन हळू चालू ठेवून, गप्प बसायचं होतं. एवढंच सांगितलं होतं त्यानं. थोडा थोडा. जल्दी नक्को. तीस वर्षं या भाषेवर भाकरी खाल्ली, आणि सातवीतलं पोर मला शिकवायला आलं तर त्याला मी ठळक शून्य दिलं. त्याचं नाव आठवलं नाही. तो पेपर तर कधीच रद्दीत गेला होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. मिस्त्री आला, गळाभेट झाली, ताट आलं. कणीक फोडल्यावर जी वाफ आली तिच्यात माझा चष्मा धुरकटला, आणि मी त्या आडोशाला दोन वेळा बिर्याणी मागून घेतली. खोटं बोलणाऱ्याला भूक फार लागते.

ईद सरकत सरकत आता फाल्गुनात गेली आहे. उन्हाळा जिथल्या तिथं. गेल्या रविवारी सकाळी गठ्ठा तपासताना परत तो वाक्प्रचार आला, आणि मी उठलो. कपाटात एक पिशवी होती. मोडलेले जुने भाग गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे, ही मिस्त्रीची जुनी शिस्त. त्यानं त्या वेळी ती पिशवी माझ्या हातात देताना म्हटलं होतं, "ले जाव सर. तुमचं हाय." आत ती दांडी होती. लाल रेघ दोन तुकड्यांत, जशीच्या तशी. मी ती उत्तरपत्रिकेच्या पाकिटात घातली आणि निघालो. आधी त्याला सांगायचं, मग जीपस्टँडवर जाऊन सगळ्यांना. वाक्य तयार होतं. मी फिरवला. दीड आटा. दोन शब्दही जास्त नाहीत.

मिस्त्री खाटेवर होता, डोक्यावर ओला टॉवेल. गेल्या पावसाळ्यापासून त्याला नीट आठवत नाही, हे मला ऐकून माहीत होतं. मला ओळखलं त्यानं. "आव सर. पोरं पास झाली का?"

"मिस्त्री, माझी ती गाडी आठवते? घाटातली?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. माझा हात धरला त्यानं, दोन्ही हातांनी. "आठवतंय सर. माफ करो. मेरे हात से गई वो. आदा आटा बोलके जादा फिराया होएंगा मैं. तुमी जळून मेला असता."

"नाही मिस्त्री. ऐका. तुम्ही नाही—"

"सगळा गाव बोल्या ना सर. गाव झूट थोडाच बोलता?"

मी पाकीट फाडून दांडी काढली. "हे बघा. तुमची रेघ. ही तुटली आहे. मी तोडली. मी फिरवला, तुम्ही नाही."

त्यानं दांडी घेतली. हात थरथरत होते, पण लोखंड लागताच थांबले. अंगठ्यानं पेच चाचपला, रेघ उन्हाकडं धरली, आणि मी काही म्हणायच्या आत पेच मागं फिरवला. अर्धा आटा. लालाला लाल येऊन मिळालं. कधी तुटलीच नव्हती अशी सरळ रेघ.

"बराबर," तो म्हणाला, आणि दांडी माझ्या हातात परत दिली. चाळीस वर्षांचं समाधान होतं तोंडावर.

मी ती धरून उभा राहिलो. तोंड उघडलं, पण श्वासच लागला होता, उन्हातून आलो होतो म्हणा. मिस्त्रीनं खाटेवर सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बैठो सर," तो म्हणाला. "दम लेव. इत्ती क्या जल्दी है?"